एक वर्ष फिरण्याचं, आजीसकट

आपल्या इंदूरच्या मराठी घरांत बारावीचा निकाल लागला की पंधरा दिवस एकच प्रश्न फिरत असतो, "मग, कुठे ॲडमिशन?" त्यावर "कुठेच नाही, एक वर्ष थांबणार आहे" असं उत्तर आलं की विचारणाऱ्याचा आवाज एकदम खाली येतो. "ड्रॉप घेतला का?" ड्रॉप म्हणजे आणखी एक वर्ष क्लास, पुन्हा तीच पुस्तकं, पुन्हा त्याच टेस्ट. याची आता सगळ्यांना सवय झाली आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या भाचीने जे मागितलं ते वेगळं होतं. तिला वर्षभर कॉलेजही नको होतं आणि क्लासही नको होता. तिला फिरायचं होतं.

अकरावी-बारावीची दोन वर्षं ती इंजिनिअरिंगच्या क्लासला गेली होती. मार्कही वाईट नव्हते. पण निकालानंतर ती मला सरळ म्हणाली, "मामा, तू दिवसभर खोलीत बसून जे करतोस ना, ते मला नाही करायचं. काय करायचंय ते अजून माहीत नाही." मी सॉफ्टवेअरवाला. बी.ई. झालो, पुण्यात नोकरी केली, आता इंदुरात घरूनच काम करतो. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. तिचं वाक्य ऐकून मला माझ्या बॅचमधले निदान पाच जण आठवले, ज्यांना हे वाक्य अठराव्या वर्षी म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

घरात मात्र तीन-चार दिवस गरम हवा होती. भाऊजी बँकेत आहेत, त्यांचा मुद्दा हिशेबी होता. वर्ष गेलं की एक वर्ष उशिरा नोकरी, आणि नोकरीच्या वेळी या रिकाम्या वर्षाबद्दल विचारणार. ताईची काळजी वेगळी. मुलगी एकटी कुठे राहणार, रात्री-अपरात्री काय. माझी आई, म्हणजे तिची आजी, एवढंच म्हणाली, "आमच्या वेळी मुलींना विचारत नव्हते, आता विचारतात तर मुली असं काहीतरी सांगतात." हे ती विरोधात बोलली की बाजूने, ते तेव्हा कुणालाच कळलं नाही.

नोकरीच्या मुद्द्यावर मात्र मला बोलता आलं, कारण गेली काही वर्षं मी स्वतः नव्या मुलांच्या मुलाखती घेतो. बायोडेटात एक वर्ष मोकळं दिसलं तर मी विचारतो, हे खरं आहे. "त्या वर्षी काय केलंस?" यावर जो मुलगा दोन मिनिटं नीट सांगू शकतो, त्याचं ते वर्ष मी विसरूनही जातो. जो चाचरतो, त्याच्याबद्दल शंका येते. म्हणजे अडचण रिकाम्या वर्षाची नाही, रिकाम्या उत्तराची आहे. भाऊजींना हे अर्धंच पटलं. मग मी परीक्षांचे नियम काढून दाखवले. जेईई मेन बारावीच्या वर्षी आणि त्यानंतरची दोन वर्षं देता येते. ॲडव्हान्स्ड लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच. केंद्रीय विद्यापीठांच्या सीयूईटीला तर वर्षभराच्या खंडाची अडचणच नाही. दार बंद होत नव्हतं. हे कळल्यावर घर थोडं शांत झालं.

शेवटी जेवणाच्या टेबलावर वहीच्या एका पानावर अटी लिहिल्या गेल्या. वर्षाचा एकूण खर्च ७५,००० रुपयांच्या आत, त्यातले निदान २०,००० तिने स्वतः शिकवण्या करून मिळवायचे. मे महिन्यात सीयूईटी द्यायचीच. नव्या गावात नेहमी दिवसाउजेडी पोहोचायचं. राहायचं ते आधी नातेवाईक किंवा ओळखीच्यांकडे, ते नसतील तिथेच लॉज. रोज रात्री नऊला फोन. आणि भाऊजींची शेवटची अट अशी की एकटीने लांब जाण्याआधी तिने सगळ्या घराला चार ठिकाणी सुखरूप फिरवून आणायचं.

ही अट त्यांनी बहुधा तिला वैतागून सोडून द्यायला लावावी म्हणून घातली असणार. पण वर्षभरात सगळ्यात जास्त शिकवलं ते याच अटीने.

माळव्यात पावसाळा लागला की घरं बाहेर पडतात, हे तुम्हाला सांगायला नको. डबे भरायचे, पोळ्या, बटाट्याची सुकी भाजी, शेव, लोणचं, आणि दोन गाड्या काढायच्या. आजवर या सहली मोठ्यांनी ठरवायच्या आणि मुलांनी मागच्या सीटवर भांडायचं, अशी वाटणी होती. आता इन-चार्ज ती झाली. पहिली सहल पाताळपाणी ते कालाकुंड. ब्रॉडगेजच्या जमान्यात इथे मीटरगेजची छोटी गाडी २०१८ पासून हेरिटेज ट्रेन म्हणून चालवतात. डोंगर, बोगदे, पूल, आणि कालाकुंडला पळसाच्या पानात मिळणारा कलाकंद. या गाडीची एक गोष्ट तिने आम्हाला डब्यात सांगितली, जी माझ्या पन्नाशीच्या मावसभावालाही माहीत नव्हती. खांडव्याहून इंदुरात येणारी ही रेल्वे व्हावी म्हणून दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रजांना एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते. म्हणजे आपण ज्या रुळावरून कलाकंद खायला चाललो होतो, तो आपल्याच संस्थानाच्या पैशाचा.

दुसरी सहल मांडवगडची, चौदा माणसांची, वय वर्षं चार ते एकोणसत्तर. इथे तिची खरी परीक्षा झाली. सकाळी सातला निघायचं ठरलं, साडेनऊला निघालो. वाटेत पोह्यांसाठी थांबलो, मग चहासाठी, मग एका काकूंना मळमळलं म्हणून. जहाज महालाशी पोहोचेपर्यंत दुपार. दोन तलावांच्या मधे बांधलेला तो लांबलचक महाल भर पावसात खरोखर पाण्यावर तरंगल्यासारखा दिसतो, पण आमच्यातले अर्धे जण तेव्हा स्वच्छतागृह शोधत होते. संध्याकाळी तिने वहीत लिहिलं, ते मी नंतर वाचलं. "घरातल्या माणसांचा प्रवास स्थळांवर ठरत नाही. खाणं, बाथरूम आणि गुडघे यांवर ठरतो." त्या दिवसापासून तिच्या वहीत मागच्या बाजूला एक यादी वाढत गेली, कुठल्या रस्त्यावर कुठे बायकांसाठी बरं स्वच्छतागृह आहे त्याची. इंदूर ते धार, इंदूर ते महेश्वर, इंदूर ते उज्जैन. गंमत वाटेल, पण पुढे आमच्या ओळखीच्या तीन-चार घरांनी ही यादी मागून घेतली. मुली बाहेर का पडत नाहीत यावर मोठमोठी भाषणं होतात, त्यात या एका गोष्टीचं नाव कमीच ऐकू येतं.

मांडवगडलाच आणखी एक झालं. होशंगशाहच्या संगमरवरी कबरीच्या दारावर एक लेख आहे. १६५९ साली शाहजहानचे चार वास्तुकार, त्यांत उस्ताद हमीद, इथे येऊन या इमारतीला मानवंदना देऊन गेले, असं त्यात नोंदलंय. मी तिथे शाळेपासून सात-आठ वेळा गेलो असेन. लेख कधी पाहिलाच नव्हता. ती मात्र तिथे वीस मिनिटं उभी. "मामा, बघ ना, एवढे मोठे लोक दुसऱ्याचं काम बघायला आले आणि तसं लिहून गेले." बाहेर सगळे भुट्टे खाण्यासाठी हाका मारत होते. तिला काय करायचं होतं याचा अंदाज मला तेव्हाच यायला हवा होता, असं आता म्हणता येईल.

तिसरी सहल रावेरखेडी, जिथे नर्मदाकाठी थोरल्या बाजीराव पेशव्यांनी २८ एप्रिल १७४० ला प्राण सोडला. समाधीजवळ आईने घरून आणलेली फुलं वाहिली आणि सगळे गप्प बसले. चाळिशीही न गाठलेला माणूस, पुण्यापासून एवढ्या लांब. त्या सहलीचं यापेक्षा जास्त काही सांगण्यासारखं नाही, पण आई गाडीत बसताना म्हणाली, "मी एवढी वर्षं इंदुरात, आणि इथे आत्ता आले." तिचा सूर मला नवा होता.

चौथी महेश्वरची, आणि इथे भाची मागे राहिली. ताईच्या ओळखीच्या एका घरी, महिनाभर. अहिल्याबाईंनी राजधानी इथे केली तेव्हा बाहेरून विणकर आणून वसवले, हे आपण शाळेत शिकतो. पण माग कसा चालतो ते आपल्यापैकी कितींनी पाहिलंय? रोज सकाळी ती एका विणकर बाईंच्या घरी जाऊन बसायची. पहिले आठ दिवस तिला फक्त तुटलेला धागा जोडायला दिला. महेश्वरी साडीचा काठ दोन्ही बाजूंनी नेसता येतो, त्याला बुगडी म्हणतात. काठावरची चटई, वीट, हिरा ही नक्षी किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडांतून उचललेली. हे तिने शिकल्यावर आम्ही पुन्हा घाटावर गेलो, तेव्हा तिने आम्हाला एकेक नक्षी भिंतीवर दाखवली आणि मग ताईच्या अंगावरच्या साडीवर. १९७० च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातल्या रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी रेहवा सोसायटी काढली आणि मरत चाललेल्या मागांना पुन्हा काम मिळालं. नाहीतर ताईच्या अंगावर ती साडी नसती, असं त्या विणकर बाईच म्हणाल्या.

एक महिना घरापासून दूर राहून ती परत आली ती चार किलो कमी होऊन आणि हाताला धाग्याने पडलेले चरे घेऊन. भाऊजींनी ते चरे बघितले. बोलले काही नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच ग्वाल्हेरची तिकिटं काढली, तिचं आणि माझं.

ग्वाल्हेरला माझा फार कौल नव्हता. लष्करात आईच्या चुलतबहिणीचं घर आहे, तिथे उतरायचं, जयविलास पॅलेसमधली ती जेवणाच्या टेबलावरून फिरणारी चांदीची आगगाडी बघायची, फुलबागेत राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीला नमस्कार करायचा, आणि परत. पण मावशीआजीने दुसऱ्याच सकाळी आम्हाला पिटाळलं. "किल्ल्यावर जाताना चतुर्भुजाचं देऊळ बघून या, इंजिनिअर म्हणवतोस ना?"

देऊळ अगदी लहान आहे, एकाच खडकातून कोरलेलं. पटकन पुढे निघून जावं असं. आत भिंतीवर इसवी सन ८७६ चा लेख आहे. देवाच्या फुलबागेसाठी दिलेल्या जमिनीचं माप त्यात आहे, २७० हात लांब आणि १८७ हात रुंद, आणि रोज ५० हार देण्याची सोय. त्या २७० मधलं आणि ५० मधलं शून्य आजच्यासारखंच लहानसं वर्तुळ आहे. गाईड लोक सांगतात, जगातलं पहिलं शून्य. तसं ते नाही. कंबोडियात ६८३ सालच्या लेखात टिंबाच्या रूपात शून्य सापडलंय. पण माझ्यापुरतं सांगतो. ज्या दोन चिन्हांवर माझं पोट गेली पंधरा वर्षं चाललंय, त्यातलं एक कुणीतरी अकराशे वर्षांपूर्वी फुलांच्या हिशेबासाठी दगडात कोरून ठेवलंय, हे बघताना मला बोलायला सुचेना. भाचीने माझा फोटो काढला. तो आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर टाकला तर एकाने विचारलं, "कुठलं मंदिर, काय नवस बोललास?"

डिसेंबर होता, तानसेन समारोहाचे दिवस. रात्री उशिरापर्यंत मावशीआजी आमच्याबरोबर शालीत गुंडाळून बसली. तानसेनाच्या कबरीजवळच्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो म्हणतात. भाचीने खाल्ला. गळ्यात काही फरक पडला नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे. ग्वाल्हेरच्या मराठी घरांतलं एक मात्र मला आवडलं. मावशीआजींच्या गल्लीत संध्याकाळी कुणाच्या ना कुणाच्या घरातून पेटीचा आवाज येत होता. आमच्या कॉलनीत तो ऐकू येऊन जमाना झाला.

आणि मग तंजावर. या एका प्रवासासाठीच तर हे वर्ष मागितलं होतं, हे तिने आता सांगितलं. बारावीत असताना तिने कुठेतरी वाचलं होतं की तिथल्या बृहदीश्वराच्या देवळात भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा मराठीतला भलामोठा शिलालेख आहे, सरफोजी महाराजांच्या काळात १८०३ मध्ये कोरलेला. "मामा, मला तो वाचायचाय. उभं राहून." तिचं शिक्षण हिंदी आणि इंग्रजीत झालेलं. मराठी घरापुरतं, तेही आपलं इंदुरी, "मी येऊन राहिले आहे"वालं. पण देवनागरी तर वाचता येते.

भाऊजींनी नाही म्हटलं. एवढ्या लांब, भाषा येत नाही, ओळखीचं कुणी नाही, एकटी मुलगी. ताईही त्यांच्या बाजूने. मला सुट्टी मिळत नव्हती. दोन दिवस घरात भांडी जोरात ठेवली जात होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आई देवघरातून उठून आली आणि म्हणाली, "मी जाते तिच्याबरोबर."

सगळे हसलो. आईला मधुमेह, गुडघे दुखणारे, आयुष्यात महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश सोडून फक्त काशी केलेली, तीही यात्रा कंपनीबरोबर. ती हसली नाही. "रावेरखेडीला मी काय म्हटलं होतं ते तुम्ही कुणी ऐकलं नाहीत. मला बघायचंय." आजीला नाही म्हणायची हिंमत जावयात नव्हती. जानेवारीच्या शेवटी दोघी निघाल्या. इंदूरहून चेन्नई, तिथून दुसऱ्या गाडीने तंजावर. ताईने भाचीला एका कागदावर आजीच्या औषधांच्या वेळा, साखर कमी झाली तर काय करायचं, जास्त झाली तर काय, असं सगळं लिहून दिलं आणि तिच्याकडून पाठ म्हणून घेतलं. रेल्वेचा मदत क्रमांक १३९ आणि आणीबाणीचा ११२ दोघींच्या फोनमध्ये भरला. आईने स्वतःच्या हाताने दोन डबे भरले, एकात तिखटमिठाच्या पुऱ्या, दुसऱ्यात साखरेची पुडी.

शिलालेखासमोर दोघी तीन दिवस गेल्या. पहिल्या दिवशी तर जमलंच नाही. अक्षरं ओळखीची, पण वळणं जुनी, शब्द कुठे संपतो ते पटकन कळत नाही. भाची अक्षर-अक्षर मोठ्याने वाचायची आणि आई डोळे मिटून ऐकायची, मग एकदम म्हणायची, "थांब, हा शब्द माझी आजी वापरायची." एक वाचणारी, एक समजणारी. दुसऱ्या दिवशी त्यांना एक वृद्ध गृहस्थ भेटले, तिथलेच, घरात मराठी बोलणारे. त्यांचे पूर्वज व्यंकोजीराजांच्या मागोमाग आलेले. १६७६ च्या सुमाराला व्यंकोजींनी तिथे राज्य उभं केलं, तेव्हापासून ही घरं तिथे आहेत. त्यांचं मराठी आईला सगळं कळलं नाही. सूर तमिळ, काही शब्द आपल्याकडून गेलेले. पण त्यांनी विचारलं की तुमचं मराठी असं हिंदीसारखं का, तेव्हा आईला काय उत्तर द्यावं ते कळेना. एकमेकांना सुधारत दोघं अर्धा तास बोलले. सांबार हे संभाजीराजांच्या नावावरून आलं ही गोष्टही त्यांनी सांगितली. गोष्ट म्हणून छान आहे, पुरावा कुणी विचारू नये.

त्याच रात्री दीड वाजता लॉजवर भाचीला जाग आली. आई बिछान्यात बसली होती, घामाने भिजलेली, हात थरथरत होते, आणि ती भलतंच काहीतरी बोलत होती. दिवसभर चालणं झालं, संध्याकाळी गोळी घेतली पण जेवण नीट गेलं नव्हतं. भाचीने कागद काढला नाही, तो पाठच होता. ग्लासात तीन चमचे साखर, थोडं पाणी, घोटघोट पाजलं. मग मशीनवर बघितलं, ५८. पंधरा मिनिटं थांबली. पुन्हा बघितलं, ९२. मग बिस्किटं दिली, अंग पुसलं, आणि त्यानंतर घरी फोन केला.

भाऊजी संतापले. "आधी फोन का नाही केलास?"

"बाबा, तुम्ही इंदूरहून साखर कशी दिली असती?"

पलीकडून थोडा वेळ आवाजच नाही. मग ते म्हणाले, उद्याचंच विमान बघतो, परत या. तेव्हा आईने फोन घेतला. "जावईबापू, मी बरी आहे. नातीने नीट केलं सगळं. अजून ग्रंथालय बघायचं राहिलंय. आता झोपू द्या."

सकाळी मात्र भाचीने आजीला आधी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं, गोळीची वेळ बदलून दिली, आणि दुपारी ऊन उतरल्यावर दोघी सरस्वती महाल ग्रंथालयात गेल्या. सरफोजी राजे म्हणजे विलक्षण माणूस. स्वतः ग्रंथ जमवायचे, दवाखाना काढलेला, देवनागरी छापखाना काढलेला. इसापनीतीचं मराठी पुस्तक तंजावरात १८०६ साली छापलं गेलं. तेव्हा पुण्यात पेशवाई होती. तिथल्या संग्रहालयात माणसांच्या आणि प्राण्यांच्या चेहऱ्यांचं साम्य दाखवणारी जुनी चित्रं आहेत. त्यातला एक चेहरा हुबेहूब आपल्या मोठ्या जाऊबाईंसारखा आहे असं आईने आम्हाला फोनवर सांगितलं आणि कितीतरी वेळ हसत राहिली. कोणत्या प्राण्याशेजारी, ते मी इथे लिहीत नाही.

त्या आल्या तेव्हा स्टेशनवर भाऊजी होते. भाचीची सॅक त्यांनी घ्यायला हात पुढे केला, तिने दिली नाही, आजीची पिशवी दिली. त्यानंतर मार्चमध्ये बडोद्याला लग्नाच्या निमित्ताने सगळेच गेलो, सयाजीबागेत मुलं मनसोक्त पळाली, लक्ष्मीविलास बघितला. मोकळा वेळ कमी होता. पण त्या सहलीत तिने एकदाही कुणाला विचारलं नाही की आपण कुठे जायचं. सगळे तिलाच विचारत होते.

आता थोडं कामाचं, कारण बऱ्याच आयांनी मला फोन करून हेच विचारलंय. एकूण खर्च ७१,००० च्या आसपास झाला, आजीचा खर्च वेगळा. शिकवण्यांचे २४,००० आले. स्वस्त नाही, हे मला कळतं. ज्या घरात मुलाच्या पगाराची वाट बघितली जाते, त्या घराने हे करावं असं मी म्हणणार नाही. पण जी घरं ड्रॉपच्या नावाखाली क्लासला याच्या दुप्पट-तिप्पट भरतात, त्यांनी निदान मुलाला एकदा विचारून बघावं. नातेवाईकांची यादी आधी काढा. आपली माणसं ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, गोवा कुठे कुठे पसरलीत, ते लग्नपत्रिकेपुरतंच आठवतं. तिथे राहायला मिळणं ही आपल्या मुलांची खरी सोय आहे, आणि त्या घरच्या एकट्या म्हाताऱ्या माणसांनाही कुणीतरी आलेलं हवं असतं. फोटो किती काढले यापेक्षा वही किती भरली ते बघा.

एक कागदाचं काम विसरू नका. बऱ्याच ठिकाणी प्रवेशाच्या वेळी गॅप सर्टिफिकेट मागतात. म्हणजे स्टॅम्पपेपरवर नोटरीसमोर केलेलं शपथपत्र, की या काळात दुसरीकडे कुठे प्रवेश घेतलेला नाही. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टने आमच्याही शपथपत्रात कारणाच्या जागी "पारिवारिक कारण" असं सवयीने टाकून दिलं. ती म्हणाली, भैया, हे चूक आहे, तिथे "यात्रा" लिहा. तो म्हणाला, असं कुणी लिहीत नाही. ती म्हणाली, मग कोरं ठेवा, मी हाताने लिहिते. त्याने परत टाइप केलं.

तिला आता इतिहासाला प्रवेश मिळालाय, बाहेरगावी. रविवारी ऑनलाइन मोडी शिकते आणि सुट्टीत आली की आईच्या जुन्या ट्रंकेतले पणजोबांचे कागद पसरून बसते. त्यातली चार पत्रं तिने वाचली. तीन उधारीची निघाली.

आईची सवय मात्र गेलेली नाही. तिच्या भजनी मंडळातल्या सहा जणींना ती रावेरखेडीला घेऊन गेली, भाचीची स्वच्छतागृहांची यादी बरोबर घेऊन. आता पाऊस लागला आणि कालाकुंडची गाडी सुरू झाली की आमच्या सोळा जणांचं आरक्षण करायचंय. यंदा इन-चार्ज आई आहे. तिने आत्तापासून सांगून ठेवलंय, गाडी कुणासाठी थांबणार नाही, आणि पाण्याची बाटली ज्याची त्याने उचलायची.